अंगावर बाळगण्यासाठी लहान रिव्हॉल्व्हर: हलके घ्यावे की जड?

प्रश्न (नवी परवानाधारक)

नमस्कार. शस्त्र कपड्यांखाली झाकून जवळ बाळगण्याचा रीतसर परवाना मला नुकताच मिळाला असून पहिल्या रिव्हॉल्व्हरच्या निवडीपाशी मी गेले काही आठवडे अडले आहे. पिस्तूल घ्यायचे नाही हे ठरलेले आहे, कारण उजव्या अंगठ्याचा सांधा दुखत असल्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे खेचणे मला भरवशाने जमत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर (काडतुसे बसतात तो फिरता भाग) बाजूला काढले की ते भरलेले आहे की रिकामे हे डोळ्यांना स्पष्ट दिसते, याचा मला मोठा दिलासा वाटतो.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचा, .३८ स्पेशल या काडतुसाचा, सुमारे ४१० ग्रॅम वजनाचा. दुसरा संपूर्ण पोलादी, .३५७ मॅग्नम या अधिक ताकदवान काडतुसाचा, सुमारे ७०० ग्रॅमचा. तिसरा स्कँडियम मिश्रधातूचा सांगाडा आणि टायटॅनियमचे सिलिंडर असलेला, तोही .३५७ मॅग्नमचाच, पण जेमतेम ३३० ग्रॅमचा. तिन्हींत पाच काडतुसे बसतात आणि तिन्हींची नळी दोन इंचांहून किंचित कमी-अधिक आहे. विक्रेत्याने तिसरा घेण्याचा आग्रह धरला. त्याचे म्हणणे असे की सर्वांत हलके आणि सर्वांत ताकदवान शस्त्र एकाच वस्तूत मिळत असेल तर दुसरे कशाला पाहायचे? हे मला पटतेही आणि पटतही नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. घोडा बाहेर दिसणारा असावा की आत झाकलेला, हेही सांगावे.

उत्तर १ (निवृत्त प्रशिक्षक)

ताई, तुम्हाला जे पटत नाही तेच बरोबर आहे. काडतूस तेच ठेवून रिव्हॉल्व्हरचे वजन निम्मे केले, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे आणि कोणत्याही मुठीने तो बदलत नाही. रबराची जाड मूठ धक्का पसरवते, तळव्याला बोचू देत नाही, पण धक्का नाहीसा करत नाही. ३३० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ मॅग्नमची पाच काडतुसे सलग झाडलेले अनेक शिकाऊ मी पाहिले आहेत. पहिल्या बाराला ते दचकतात आणि दुसऱ्याच्या आधी डोळे मिटतात. तिसऱ्यापासून गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागू लागते, कारण धक्का येण्याआधीच मनगट त्याला दाबायला निघालेले असते. ही सवय एकदा लागली की ती मोडायला महिने जातात.

.३५७ मॅग्नम हे १९३५ साली, मोठ्या आणि जड रिव्हॉल्व्हरांसाठी आलेले काडतूस आहे. दोन इंचांच्या नळीतून त्यातील बरीचशी दारू नळीबाहेर जळते. म्हणजे डोळे दिपवणारी ज्वाळा आणि कानठळ्या बसवणारा आवाज पुरेपूर मिळतो, वेग मात्र लांब नळीइतका मिळत नाही. मोबदला कमी आणि शिक्षा पूर्ण, असा हा व्यवहार आहे.

आता चापाबद्दल, कारण लहान रिव्हॉल्व्हरमध्ये नेम बिघडण्याचे धक्क्याइतकेच मोठे कारण तेच असते. घोडा मागे न ओढता चाप दाबताना बोटाला साधारण पाच किलोंहून अधिक जोर लावावा लागतो. चारशे ग्रॅमच्या वस्तूवर तिच्याच वजनाच्या दहापटीहून अधिक जोर एका बोटाने लावायचा आणि तो लावत असताना माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरण्याचा उंचवटा) हलू द्यायची नाही, हे कौशल्य विकत मिळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी सराव केंद्रावर किमान दोन वेगळी रिव्हॉल्व्हरे चालवून पाहा. लक्ष्य पाच मीटरवर ठेवा, पाच गोळ्या झाडा, थांबा, पुन्हा पाच झाडा. दुसऱ्या पाचांची छिद्रे पहिल्या पाचांहून विखुरलेली असतील, तर ते शस्त्र आज तुमच्या हातासाठी नाही.

माझी शिफारस पहिल्या किंवा दुसऱ्या पर्यायाची आहे, आणि दुसरा घेतलात तरी त्यात .३८ स्पेशलच भरा. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते, उलट मात्र कधीही करू नये. मॅग्नमची पुंगळी (काडतुसाचे धातूचे नळकांडे) मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवलेली आहे, ती ही चूक होऊ नये म्हणूनच.

उत्तर २ (रोज बाळगणारा)

प्रशिक्षकसाहेबांच्या अनुभवापुढे मी नवखा आहे, तरीही एका मुद्द्यावर मला नम्रपणे वेगळे मत मांडायचे आहे. मी पहिल्यांदा पोलादी रिव्हॉल्व्हरच घेतले होते. सराव उत्तम होई, पण कमरेला सातशे ग्रॅम आणि वर भरलेल्या काडतुसांचे वजन दिवसभर वागवताना पट्टा खाली घसरे, सदऱ्याची एक बाजू लोंबे आणि उन्हाळ्यात तर ते घरच्या तिजोरीतच राहू लागले. तिजोरीतले शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचा उपयोग काय? त्यानंतर मी चारशे ग्रॅमच्या आसपासचे, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे घेतले आणि आज कित्येक वर्षे ते रोज माझ्या खिशात असते. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ६४२ आणि २००९ मध्ये आलेले रुगरचे एलसीआर ही दोन्ही याच वजनगटातील आहेत, आणि ताईंनी दोन्ही हातात घेऊन पाहावीत, कारण दोघांच्या चापाची चाल अगदी वेगळी जाणवते.

घोड्याविषयी माझे मत ठाम आहे: आत झाकलेलाच घ्या. बाहेर आलेल्या घोड्याचे टोक खिशाच्या अस्तरात अडकते आणि घाईत नेमके तेव्हाच अडकते. शिवाय घोडा मागे ओढून ठेवला की चाप अगदी हलका होतो, आणि थरथरत्या हातात हलका चाप ही धोक्याची गोष्ट आहे. तुमचा अंगठा दुखतो म्हणता, तेव्हा घोडा ओढण्याची सोय तुम्हाला तशीही फारशी उपयोगी नाही.

खिशात ठेवणार असाल तर चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर हवेच आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ली नको, नाणे नको, रुमालसुद्धा नको. पर्समध्ये ठेवण्याचा विचार असेल तर मी तो सोडून द्यायला सांगेन, कारण पर्स हातातून खाली ठेवली जाते आणि तिच्यासोबत शस्त्रही. मी दर आठवड्याला रिव्हॉल्व्हर रिकामे करून पाहतो, तेव्हा सिलिंडरच्या मागच्या चांदणीखाली (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली) खिशातील कापसाच्या धाग्यांचा करडा थर साचलेला असतो. दात घासण्याच्या जुन्या ब्रशने तो निघतो.

उत्तर ३ (दुरुस्तीच्या टेबलावरून)

वरील दोघांनी वजनाची दोन्ही टोके मांडली आहेत, म्हणून मी केवळ यंत्राविषयी लिहितो.

अतिहलक्या रिव्हॉल्व्हरचा एक दोष विक्रेते सहसा सांगत नाहीत. बार होताच शस्त्र झटक्याने मागे येते आणि सिलिंडरमधील उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या त्याच्यासोबत मागे ओढल्या जातात. पुंगळीने गोळी घट्ट धरलेली नसेल, तर गोळी जागीच राहते, म्हणजेच पुंगळीतून पुढे सरकते. ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की सिलिंडर फिरणे बंद होते आणि चाप दगडासारखा बसतो. माझ्याकडे असे अडकलेले एक रिव्हॉल्व्हर आले होते. पाचव्या काडतुसाची गोळी नखाच्या जाडीएवढी पुढे आली होती आणि ते मोकळे करायला मला अर्धा तास लागला. बारच न झालेले काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढून मागे टाकता येते, पण या अडचणीवर जागच्या जागी इलाज नाही. म्हणून हलके शस्त्र घेतलेत तर जे काडतूस बाळगायचे आहे त्याच्या चार गोळ्या झाडा, पाचवे न झाडता बाहेर काढा आणि नव्या काडतुसाशेजारी उभे करून उंची ताडून पाहा. काही हलक्या मॉडेलांवर गोळीचे किमान वजन नळीवरच कोरलेले असते, ते याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट, लहान नळीखालचा, पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा आखूड असल्यामुळे रिकाम्या पुंगळ्या पूर्ण बाहेर फेकल्या जात नाहीत. नळीचे तोंड आकाशाकडे करून दांड्यावर तळव्याने एकदाच जोरात थाप मारावी. हळूहळू दाबले तर एखादी पुंगळी चांदणीखाली घुसते आणि सिलिंडर बंदच होत नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. सिलिंडर आणि नळी यांच्या मधल्या बारीक फटीतून दर बाराला तापलेला वायू दोन्ही बाजूंना सुटतो. आधाराच्या हाताचा अंगठा किंवा बोट त्या फटीच्या पुढे जाता कामा नये. लहान रिव्हॉल्व्हर लहान असल्यामुळेच हात नकळत पुढे सरकतो.

प्रश्नकर्तीचे पुढील म्हणणे

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मी सराव केंद्रावर पोलादी आणि अॅल्युमिनियमचे अशी दोन्ही चालवून पाहिली. पोलादी रिव्हॉल्व्हरने .३८ स्पेशलच्या वीस गोळ्या झाडूनही हात ठीक होता. अॅल्युमिनियमच्या रिव्हॉल्व्हरने दहाव्या गोळीनंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. तरीही ते कमरेला लावून तासभर वावरल्यावर हलकेच घ्यावे असे वाटते. मग काडतूसच सौम्य घ्यावे का? तेथील एकाने .२२ या लहान काडतुसाचे रिव्हॉल्व्हर सुचवले.

उत्तर ४ (निवृत्त प्रशिक्षक)

ताई, आपण नेमके योग्य ठिकाणी आला आहात. उत्तर क्रमांक दोनचा मुद्दाही मला मान्य आहे. जे घरी राहते ते निरुपयोगी, हे मी अधिक स्पष्टपणे लिहायला हवे होते.

.२२ सरावासाठी उत्तम, पण बाळगण्यासाठी मला त्यात दोन अडचणी दिसतात. त्यातील पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत पसरलेला असतो, त्यामुळे बार न होण्याचे प्रमाण मध्यभागी पेट घेणारी टोपी असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त असते. आणि ती कड ठेचण्यासाठी घोड्याची स्प्रिंग कडक ठेवावी लागते, म्हणून .२२ चा चाप बहुधा अधिकच जड असतो.

त्याऐवजी .३८ स्पेशलमधीलच वॅडकटर वापरून पाहा. साडेनऊ ग्रॅमची, चपट्या तोंडाची ही गोळी पुंगळीच्या काठाशी समपातळीत बसवलेली असते आणि तिचा धक्का मवाळ असतो. मूळची ती कागदी लक्ष्यासाठी आहे, पण संथ वेगातही खोलवर जाते, तर लक्ष्यात शिरल्यावर फुलण्यासाठी बनवलेल्या पोकळ तोंडाच्या गोळ्या आखूड नळीतून सुटल्यावर बऱ्याचदा फुलतच नाहीत. तिचा दोष एवढाच की चपटे तोंड सिलिंडरच्या भोकांच्या काठावर अडते आणि घाईत पुन्हा भरणे अवघड जाते. त्यासाठी पहिली पाच वॅडकटर आणि जवळ बाळगायची पुढची पाच गोल तोंडाची, अशी विभागणी काही अनुभवी लोक करतात. मात्र दोन्हींची गोळी माशीच्या तुलनेत कुठे लागते हे कागदावर पाहून ठेवावे लागते. .३२ एच अँड आर मॅग्नम हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे. त्याचा धक्का सौम्य असतो आणि त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये पाचऐवजी सहा काडतुसे बसतात. मात्र काडतुसे नियमित मिळतात का, हे आधी पाहा.

आणि सांधा दुखत असेल तर सरावाचा मोठा भाग काडतुसाविना करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडर उघडून पाचही भोके डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा, त्यात नकली काडतुसे भरा, पक्क्या भिंतीकडे नेम धरा आणि माशीमागच्या सपाट भागावर घरातल्या कुणाला तरी एक नाणे ठेवायला सांगा, पण त्यांनी ते बाजूने ठेवावे, नळीसमोर येऊन नव्हे. चाप पूर्ण मागे जाऊन घोडा पडेपर्यंत नाणे जागचे हलता कामा नये, आणि मग चाप पूर्ण पुढे येऊ द्यायचा, कारण तो अर्ध्यातून पुन्हा ओढला तर लहान रिव्हॉल्व्हर अडते. रोज पंधरा वेळा पुरे. दोन आठवड्यांनी तेच अॅल्युमिनियमचे रिव्हॉल्व्हर वॅडकटर भरून पुन्हा चालवा, आणि दहाव्या गोळीला अंगठ्याची कळ येते का ते येथे कळवा.