जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट : रस्ता चढतोय, घरं खाली चाललीत

सीनाकाठ
मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात पेठेतला रस्ता पुन्हा काँक्रीटचा होणार आहे. खडी येऊन पडलीय, पाराजवळ कामाचा फलकही लागलाय. माझा या कामाला विरोध आहे.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं, माळवदाचं. लहानपणी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून उंबऱ्याशी जायचो. पहिलं काँक्रीट झालं, एक पायरी गेली. दुसरं झालं, उरलेल्या दोन्ही गेल्या. आता घरातून बाहेर पडायचं म्हणजे रस्त्यावर चढायचं. उंबऱ्यापुढं विटांचा वीतभर बांध घातलाय. ढग भरून आले की आई पोत्यात माती भरून त्याला टेकवून ठेवते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत गुडघ्याएवढी ओल चढलीय. बोट लावलं की पोपडा हातात येतो. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा नदी आमच्या आळीपर्यंत आलीच नव्हती. आमच्या चुलीपर्यंत आलं ते रस्त्याचं पाणी.

भरीस भर, मागचा रस्ता झाल्यावर सहा महिन्यांत जलजीवनच्या पाइपसाठी मधोमध चर मारला आणि वरून माती ढकलून दिली.

आधी नळाची लाइन, मग गटार, मग जुनं काँक्रीट फोडून त्याच पातळीला नवं. हे होणार नसेल तर रस्ता नको. निधी परत गेला तरी चालेल.

माजी सदस्य
निधी परत गेला तरी चालेल, हे वाक्य मला पटत नाही. मी दोन टर्म ग्रामपंचायतीत काढल्यात. पंचवीस-पंधराचं, म्हणजे राज्याच्या 2515 लेखाशीर्षातल्या गावच्या मूलभूत सुविधांच्या निधीचं, काम मंजूर होतं तेव्हा पत्रात कुठून कुठपर्यंत आणि काय करायचं ते लिहूनच येतं. रस्त्याचे पैसे गटाराला लावले तर ऑडिटमध्ये वसुली सरपंच आणि ग्रामसेवकाच्या माथी. काम नाकारलं तर पैसे शेजारच्या गावाला जातात आणि पुढच्या वेळी आपल्याला कोण विचारत नाही.

आणि काँक्रीटच्या आधीची पेठ विसरलात का? काळी माती, पोटरीपर्यंत चिखल. बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलेलं मी पाहिलंय. चार खांदेकऱ्यांतला एक मीच होतो. त्यामुळं रस्ता नको म्हणणाऱ्याचा मला राग येतो, माफ करा.

सीनाकाठ
माफी कशाला, तुमचा राग खरा आहे. पण गटारासाठी पैसाच नव्हता, हे मान्य नाही. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 पासून 60 टक्के निधी बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. सांडपाण्याची व्यवस्था त्यात बसते. आमच्या गावात त्यातून काय झालं ते ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे ग्रामपंचायतींच्या खर्च-आराखड्याच्या सरकारी वेबसाइटवर, कुणीही उघडून पाहावं. मी पाहिलं. पेठेच्या गटाराचं नाव एकाही वर्षाच्या आराखड्यात नाही.

साइटवरचा
मी रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर आहे. जुनं फोडून काढणं आणि राडारोडा उचलणं हे एस्टिमेटमधले वेगळे आयटम असतात. ते धरले की त्याच रकमेत रस्त्याची लांबी कमी होते. शंभर मीटरच्या जागी सत्तर होतो. मग ज्यांच्या दारापुढं रस्ता थांबला, ते भांडायला येतात. वरून थर टाकला की लांबी पुरते, फोटो चांगला येतो, म्हणून सगळीकडं तेच चालतं. एकदा एम.बी.वर, म्हणजे मोजमाप पुस्तकात, मोजमाप चढलं की नंतर ओरडून उपयोग नाही. बोलायचं ते एस्टिमेट होताना.

माजी सदस्य
तेच सांगतोय. सत्तर मीटर केला तर उरलेल्या तीस मीटरवाल्यांना तोंड कोण देणार?

सीनाकाठ
मी देतो. माझं घर त्याच तीस मीटरात येतं.

वस्तीवरची
सगळं वाचलं. तुमच्या दारात तिसरा थर येऊलालाय आणि आमच्या वस्तीवर अजून मुरूमसुद्धा पडला नाही. गावापासून दीड किलोमीटर. पोरी शाळेला जाताना चपला हातात घेऊन जातात, शाळेपाशी पाय धुतात. तुमच्या भिंतीला ओल आलीय याचं वाईट वाटतं, पण पेठेतला रस्ता फोडा आणि पुन्हा करा, हे ऐकून पोटात तुटतं. ज्यांना दोनदा मिळालंय त्यांनी एक पाळी सोडली तर काय होतं?

कोरम
वस्तीवरच्या ताईंचा मुद्दा या धाग्यात पहिल्यापासून यायला हवा होता.

सीनाकाठ, तुम्ही ग्रामसभेला होता का? कोरम आहे 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी ते. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. वीस-पंचवीस जणांत कामांची यादी वाचली जाते, सह्या होतात. रस्ता कुठून कुठं न्यायचा, हे तिथं ठरतं.

सीनाकाठ
मी नव्हतो. सोलापूरला कामाला असतो, सुट्टी टाकली नाही. ही माझी चूक आहे. ताई, दोनदा मिळालं हे खरं. पण दुसऱ्यांदा जे मिळालं त्यानं माझं घर पडायला आलंय, त्याला मिळालं कसं म्हणू? तरी पेठेतला हा रस्ता रद्द करून वस्तीला मुरूम-खडी द्यावी, असा ठराव आला तर हात वर करणारा पहिला मी असेन. फक्त पेठेचं गटार त्याच ठरावात लिहा.

माजी सदस्य
ठरावानं मंजूर काम रद्द होत नाही, बदलाचा प्रस्ताव वर पाठवावा लागतो आणि त्यात एक पावसाळा जातो. खडी पडलीय. माझं मत तेच आहे, हे काम होऊ द्या. वस्तीचं नाव पुढच्या आराखड्यात पहिलं घाला, त्यासाठी मी येतो.

वस्तीवरची
पुढच्या आराखड्यात पहिलं, हे मी लग्न होऊन आले त्या वर्षी ऐकलंय. धाकटी आता आठवीत आहे.

साइटवरचा
काम होणारच असेल तर एक करा. लेव्हल घ्यायला माणसं येतील त्या दिवशी घरी थांबा, आणि पेठेतल्या सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्यावर उंची मोजायची पट्टी धरायला लावा. रस्त्याच्या मधोमध धरू देऊ नका.