पाणी वापर संस्थेचं प्रशिक्षण: मंगल कार्यालयात की चारीवर?

येरळाकाठ (धागा सुरू करणारा)

मी खानापूर तालुक्यातला. उपशाच्या पाण्यावर चार एकर, त्यात दीड एकर ऊस, बाकी द्राक्ष आणि शाळू. कालव्याच्या चारीचं पाणी आपसात वाटणाऱ्या आमच्या पाणी वापर संस्थेचा संचालक आहे, तोही शेपटाकडचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा.

गेल्या महिन्यात संचालकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात. बारापैकी सात जण आले आणि त्यातले तिघं जेवण झाल्यावर पसार. महिला संचालकांच्या खुर्च्यांवर दोन नवरे आणि एक दीर. हजेरीपत्रकावर सह्या मात्र बायकांच्या. शेतकऱ्यांनी सिंचन चालवण्याच्या 2005 च्या कायद्याची कलमं पडद्यावर सरकत होती आणि मागं वाजंत्रीवाल्यांनी ठेवलेल्या ढोलावर कुणाचंतरी पोरगं बोटं वाजवत होतं. फाईल, पेन, टोपी घेऊन घरी आलो.

एक गोष्ट मात्र कामाची कळली, तीही चहाच्या वेळी. शिकवायला आलेल्यांपैकी एका वयस्कर गृहस्थांनी सहज विचारलं, "तुमच्या चारीवरच्या फ्लूमची पट्टी कोण वाचतं?" म्हटलं, मीच. (फ्लूम म्हणजे पाणी मोजायला चारीत बांधलेला अरुंद गाळा, पट्टी म्हणजे त्यातली पाण्याची उंची दाखवणारी मोजपट्टी.) "पट्टीवर 10 सेंटिमीटरऐवजी 20 दिसलं तर पाणी किती पट धरता?" म्हटलं, दुप्पट. ते हसले. म्हणाले, उंची दुप्पट झाली की पाणी जवळजवळ पावणेतीन पट होतं. पाणी नुसतं उंच होत नाही, वेगही वाढतो.

आम्ही दोन वर्षं वरच्या पोटचारीला दोन वाटे लिहीत होतो आणि जात होते जवळपास तीन. खालची माणसं ओरडायची, तर आम्ही वही काढून दाखवायचो. वहीत सगळं बरोबर असायचं.

दुसरा हिशेब त्यांनी तिथंच कागदी पिशवीवर मांडला. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी चोवीस तास वाहिलं की साधारण दोन एकर-फूट होतं, म्हणजे दोन एकरांवर फूटभर. म्हणजे एका एकराला तीन इंचाची पाळी द्यायला तीन तास पुरतात, गळती धरा, चार धरा. आमच्याकडं वरचा माणूस रात्री आठला दार उघडून झोपतो आणि सकाळी आठला उठतो. एकरभर रानात फूटभर पाणी! पीक प्यायलं किती आणि जमिनीत मुरलं किती, तुम्हीच बघा.

म्हणून माझं मत असं. हॉलमधलं प्रशिक्षण बंद करा. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी सुटलेलं, चालू असताना चारीवर घ्या, पट्टी वाचायला लावा, वही लिहायला लावा. आणि ज्याला हे जमतं त्यालाच सचिव करा, मग तो कुणाच्याही गटाचा असो. त्याशिवाय चारी संस्थेच्या ताब्यात देऊ नका. आम्ही ताबा घेताना पाटबंधारे खात्याबरोबरची संयुक्त पाहणी कागदावरच केली. सह्या झाल्या, आणि चार ठिकाणचं अस्तर निखळलेलं आहे हे पहिल्या आवर्तनाला कळलं.

बोला.

खोडशीचा_पाट

दादा, लिहिलंय छान, पण रोग एक आणि औषध दुसरं. मी वाळवा तालुक्यातला, आमचा पाट ब्रिटिशांच्या काळातला. आज्याला पट्टी वाचता येत नव्हती, तरी पाणी कुणाचं आणि कधी हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माहिती नाही म्हणून कुणी पाणी चोरत नाही. रात्री दोन वाजता चुलतभावानं दार उघडलं तर ते बंद करायला जायचं कुणी, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात? सांगा, मी फी भरून येतो.

आणि शेपटाकडच्यांनी वरच्याला चोर म्हणायचं जरा थांबवा. पाणीपट्टी भरतो कोण? आमच्या उसाच्या बिलातून कारखाना परस्पर कापून घेतो, विचारतसुद्धा नाही. शाळूवाल्याची वसुली कशी होते ते तुमच्या सचिवाला विचारा. ज्याचे पैसे पहिले जातात तो म्हणणारच की पाणीपण पहिलं द्या.

पहिलं काम दारांचं. निम्म्या चाऱ्यांना दारंच नाहीत, दगड आणि गोणपाट आहेत. प्रशिक्षणाचा पैसा लोखंडाला लावा.

माणदेशी_माणूस

टोपी कुठल्या रंगाची होती तेवढं सांगा.

निवृत्त_मोजणीदार

येरळाकाठ, फ्लूमचं तुम्हाला बरोबर सांगितलं. फक्त एक जोडा त्याला. फ्लूमच्या खालच्या अंगाला गाळ साचला आणि पाणी तुंबलं की पट्टी खोटं बोलते. उंची दिसते, पाणी पुढं सरकत नसतं. मग वहीत जास्त आणि रानात कमी. हे पण आवर्तन चालू असतानाच दाखवता येतं, पडद्यावर नाही. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूचा.

पण "ज्याला जमतं त्यालाच सचिव करा" हे बोलायला सोपं आहे. मी तीस वर्षं शेजपाळीचे, म्हणजे कुणाला कधी पाणी याचे कागद केले. पाणी मागणीच्या सात नंबरच्या फॉर्मवर क्षेत्र एक एकर, रानात ऊस अडीच एकर, आणि मी टेप घेऊन गेलो की साहेबांना फोन. मोजायला मला येत होतं की! मोजू कुठं देत होते?

खोडशीवाल्यांनाही सांगतो. गावाला पाणी ठाऊक होतं हे खरं, पण तेव्हा रानात ऊस किती होता आणि आज किती? जिथं पाणी पिकाला पुरून उरतं तिथं रीतीभाती टिकतात. पाणी कमी पडायला लागलं की मोजावंच लागतं. तुमच्याच भागात नदीकाठची काळी रानं क्षारपड झाली, ती पाणी कमी पडून झाली का? जास्त पाजून झाली. आता त्याच रानात निचऱ्याचे पाईप गाडायला एकरी कर्ज काढताय.

खोडशीचा_पाट

काका, क्षारपडीचं मान्य. आमच्या घरचीच दोन एकरं गेली, मी नाही कशाला म्हणू. पण तेव्हा कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं म्हणून गेली का? वडिलांना दिसत होतं की पांढरा थर येतोय. पण कारखान्याची टोळी आली की ऊस तुटतो आणि पैसा हातात येतो. दुसऱ्या पिकाला असं कोण आहे? पोटाचा प्रश्न असला की माणूस डोळ्यानं बघूनसुद्धा थांबत नाही. हे मी बचाव म्हणून नाही, जसं आहे तसं सांगतोय.

शेपटावरची

मी कडेगाव तालुक्यातून. आमच्या संस्थेत महिला संचालक आहे, आणि प्रशिक्षणाला माझ्या जागी कुणी गेलं नाही, मीच गेले. म्हणून बोलते.

येरळाकाठ भाऊ, हॉलला एवढ्या शिव्या देऊ नका. मला पहिल्यांदा त्या हॉलमध्येच कळलं की कायद्यात मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे अशी तिन्ही भागांची माणसं समितीत सारखीच लागतात. तोवर मला वाटायचं, मला दया म्हणून घेतलंय. आणि संस्थेचं क्षेत्र जाहीर झालं की त्यातला प्रत्येक खातेदार आपोआप सभासद होतो, हेही तिथंच कळलं. आमच्याकडं दोन मोठे बागायतदार "आम्ही तुमचे सभासदच नाही" म्हणून पाणीपट्टी बुडवत होते. जुन्या सहकारी संस्थेत ते चाललं असतं. मी फाईल घेऊन त्यांच्या दारात गेले. एकानं भरली, एक अजून टोलवतोय.

आता खोडशीच्या दादांचा प्रश्न, रात्री दोन वाजता कोण जाणार. आमच्याकडं अध्यक्ष जात नाहीत, त्यांना गावात राहायचंय. आम्ही असं केलं: आवर्तनाच्या प्रत्येक रात्री दोन माणसं, एक मुखाकडचा आणि एक शेपटाकडचा, नावं चिठ्ठी टाकून काढायची. दोघांनी मिळून फिरायचं. मुखाकडच्याच्या भावकीचं दार शेपटाच्या माणसाला बंद करावं लागत नाही, मुखाकडचाच करतो, कारण शेजारी साक्षीदार उभा असतो. पहिल्या आवर्तनाला शिवीगाळ झाली. दुसऱ्याला कमी झाली. बंद झाली असं म्हणणार नाही.

हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, पण शिकवता येईल. मी चार गावांत जाऊन सांगायला तयार आहे, प्रवासखर्च द्या म्हणजे झालं.

येरळाकाठ

ताई, तुमचं वाचून माझा अर्धा मुद्दा मागं घेतो. कायदा हॉलमध्ये शिकवा, पाणी चारीवर शिकवा. महिलांच्या खुर्चीवर दीर बसला तर हजेरी धरू नका, एवढं तरी होईल का?

बंद_पाईप

आटपाडीकर इथं. तुम्ही सगळे उघड्या चारीवर भांडताय. आमच्याकडं टेंभू उपसा योजनेचं पाणी बंद पाईपनं द्यायचं ठरलं त्यामागं कुठलं प्रशिक्षण नव्हतं, लढा होता. 1993 पासून पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्या सोबत बायाबापड्या रस्त्यावर बसल्या. समन्यायी वाटप म्हणजे काय हे माझ्या आईला कुठल्या तज्ज्ञानं सांगितलं नाही, तिनं मोर्चात ऐकलं. त्याआधी बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं, तेव्हा भूमिहीनालाही पाण्यात वाटा हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग भिंत उभी केली.

माझा मुद्दा: वाटा किती, हे ठरलेलं नसताना मोजायला शिकवून उपयोग काय? तुम्ही अन्याय अचूक मोजाल, एवढंच.

येरळाकाठ

मित्रा, वाटा ठरला आणि मोजता आलं नाही, तर त्या ठरावाचं काय करायचं? बंद पाईपलाही व्हॉल्व्ह असतो आणि व्हॉल्व्हला पाना असतो. पाना कुणाच्या खिशात आहे हे बघितलंस का? लढ्यानं वाटा मिळाला, ते मानतो, आमच्या गावचेही त्यात होते. तो दर आवर्तनाला हातात पडायचा तर वही लागते.

खोडशीचा_पाट

वाघाडचं कुणी अजून कसं काढलं नाही? दर सभेला साहेब लोक नाशिकचं वाघाड सांगतात, सगळं धरण शेतकरी चालवतात म्हणून. चांगलंच आहे. पण तिथं ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं गावागावांत बसून माणसं तयार केली. दोन दिवस आणि टोपी यात ते झालेलं नाही. शिवाय धरणाचं पाणी उतारानं येतं. आमच्या ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांना वीज लागते. त्या बिलातले 81 टक्के सरकार भरतं, 19 टक्के आपण. पाणी वाचवलं तर वाचलेल्या विजेचा फायदा माझ्या खिशात किती येतो? मग मी पहाटे उठून दार का बंद करू?

निवृत्त_मोजणीदार

हा प्रश्न खरा आहे आणि याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. पाणीपट्टी क्षेत्रावर लावली की एकदा पैसे भरले म्हणजे कितीही पाजा. घनमापनानं, म्हणजे पाण्याच्या मापावर लावली, संस्थेला मोजून पाणी दिलं आणि संस्थेनं आत तासावर वाटलं, तर वाचलेले तास माणसाला दिसतात. ते तास पुढच्या पाळीला त्याच्याच नावावर धरायचे. पैसे सरकारचे असोत, पाळी तर तुमची आहे ना? उन्हाळी आवर्तनात एक जादा पाळी काय मोलाची असते ते द्राक्षवाल्याला विचारा.

पण त्याला संस्थेच्या तोंडाशी खरी मोजणी पाहिजे. शेवटी फ्लूमच्या पट्टीवरच येतो आपण.

शेपटावरची

आणि पट्टी वाचणारी माणसं दोन पाहिजेत. एकानं वाचली की ती त्याचीच होते.

खोडशीचा_पाट

तासाचं जमण्यासारखं आहे. विचार करतो. पण दारं आधी, हे माझं सोडणार नाही. गोणपाटाला तास कळत नाहीत.

येरळाकाठ

दारांचा खर्च पाहणीतच लिहून घ्यायचा असतो, आम्ही घेतला नाही, ही आमची चूक. तुमच्याकडं ताबा व्हायचा असेल तर सही करण्याआधी चारी पायी चाला आणि फोटो काढा.

काका, आमचं आवर्तन पुढच्या आठवड्यात सुटणार असं पाटबंधारे शाखेतून कळलंय. तुम्ही एक दिवस याल का? जेवण घरचं, टोपी नाही.

निवृत्त_मोजणीदार

येतो. पाणी सुटल्यावर तिसऱ्या दिवशी येतो, पहिले दोन दिवस चारी भरण्यातच जातात. त्याआधी फ्लूमच्या खालचा गाळ काढा आणि पट्टी घासून ठेवा, शेवाळ चढलं असेल. वरच्या पोटचारीच्या दोघातिघांना पण बोलवा. ते नसले तर मी येऊन उपयोग नाही.

येरळाकाठ

वरच्यांना आजच सांगतो. एक जण माझा मेव्हणाच आहे.