शब्दचर्चा: ‘मेंदूचा मधुमेह’ म्हणावं का? आणि साखर वेगळी, शुगर वेगळी

पिठलंभाकरी:
आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी चार पानी पत्रक निघतंय, विषय विस्मरण आणि आहार. मजकूर ज्यांनी दिलाय त्यांनी व्हॉट्सॲपवरचं बरंचसं तसंच उचललेलं दिसतंय, पहिल्याच पानावर ठळक अक्षरात ‘अल्झायमर म्हणजे टाइप ३ डायबेटीस, म्हणजेच मेंदूचा मधुमेह! साखर आणि कार्ब्ज बंद करा, स्मरणशक्ती वाचवा!’ असं आहे. मला फक्त शुद्धलेखन बघायला सांगितलंय पण उद्गारचिन्हं काढता काढता शब्दच खटकायला लागले. तर ‘मेंदूचा मधुमेह’ मराठीत रुळलाय का, कार्ब्जला कर्बोदकं लिहू की पिष्टमय पदार्थ, आणि इन्सुलिन रेझिस्टन्सला आजी-आजोबांना कळेल असं काही आहे का?

शब्दवेडा:
हसू आलं हो. मेह म्हणजे लघवीवाटे जाणं, संस्कृत मिह् धातू. मधुमेह म्हणजे मधासारखी गोड लघवी, आणि डायबेटीस मेलिटस मधलं मेलिटस पण मधाचंच. आता ‘मेंदूचा मधुमेह’ची फोड तुम्हीच करून बघा. अर्थात फोड करून आजार कळत नसतो हेही खरं, डायबेटीस इन्सिपिडस नावाचा एक आजार आहे त्यात भरमसाट लघवी होते पण साखरेचा काडीचा संबंध नाही, तरी नाव डायबेटीसच. त्यामुळे माझा आक्षेप व्युत्पत्तीचा कमी आणि उच्चारल्यावर काय ऐकू येतं त्याचा जास्त. ‘मेंदूचा मधुमेह’ ऐकलं की माणूस म्हणणार मेंदूत साखर साठली, आणि ती आली कुठून तर डब्यातून.

डिमेन्शियाला, ज्याचा अल्झायमर हा एक प्रकार, स्मृतिभ्रंश आता वर्तमानपत्रांनी रुळवलाय, तो घ्या. शब्द गीतेतला, दुसऱ्या अध्यायात ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’ असं येतं, फक्त तिथे कारण राग आहे, साखर नाही. म्हातारचळ आणि साठी बुद्धी नाठी कृपया नको, वाचणारे सगळे साठीच्या पुढचे आहेत.

लॅबवाली:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते, रोज सकाळी सातपासून याच शब्दांत असते म्हणून जरा लांबण लावते. मराठीत साखर आणि शुगर हे दोन वेगळे शब्द आहेत आणि लोकांना त्यातला फरक चांगला कळतो, फक्त लिहिताना आपण तो घालवतो. ‘मला शुगर आहे’ म्हणजे मधुमेह. ‘माझी शुगर दोनशे’ म्हणजे रक्तातलं ग्लुकोज. ‘शुगरची गोळी’ म्हणजे मधुमेहाची गोळी, तिच्यात साखर असते असं कुणालाच वाटत नाही. फास्टिंगची शुगर, जेवणानंतरची शुगर, आणि एचबीए१सीला तर सगळे ‘तीन महिन्यांची शुगर’च म्हणतात. साखर मात्र किराणावाल्याकडची. ‘साखर वाढली’ म्हटलं की भाव वाढला. टपरीवर सुद्धा शुगरवाला माणूस ‘एक विदाउट’ म्हणतो, विदाउट काय ते सांगावं लागत नाही.

घोळ होतो तो इंग्रजीतून उतरवताना. तिकडे शुगर हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतात, बातमी असते ‘हाय शुगर आणि डिमेन्शिया’ आणि आपल्याकडे छापून येतं ‘जास्त साखर खाल्ल्याने स्मृतिभ्रंश’. अभ्यास असतो रक्तातल्या शुगरवर आणि आरोप येतो चमच्यातल्या साखरेवर. दोन्हींचा संबंध नाही असं नाही म्हणते मी, पण मधे लिव्हर, स्वादुपिंड, वजन, चालणं-फिरणं, झोप, आईवडिलांकडून आलेलं, एवढं सगळं आहे. आमच्याकडे रोज एक जण तरी विचारतो की ताई, काल गोडाला हात नाही लावला तरी सकाळची शुगर कशी वाढली, तर रात्रभर लिव्हर ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत असतं आणि शुगर असलेल्या माणसात ते जरा जास्तच सोडतं. त्याने साखर खाल्लेली नसते, शुगर मात्र वाढलेली असते.

तेव्हा पत्रकात नियमच करा, खायची ती साखर, रक्तातली ती शुगर.

रानमेवा:
शब्दांचा कीस पाडा तुम्ही, तोवर लोक दोन वाट्या भात हाणून दुपारी झोपतायत. टाइप ३ डायबेटीस हा व्हॉट्सॲपचा शब्द नाही, अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या सुझॅन द ला मॉन्टे यांच्या टीमने २००५ मध्ये वापरलाय. अल्झायमरने गेलेल्यांचे मेंदू तपासले तर त्यात इन्सुलिन आणि त्याच्यासारख्या वाढीच्या घटकांचं काम मंदावलेलं निघालं. म्हणजे मेंदूच इन्सुलिनला जुमानत नाही. मग मेंदूचा मधुमेह म्हटलं तर बिघडलं कुठे? मी स्वतः कीटो करतो, म्हणजे कार्ब्ज जवळजवळ बंद आणि तेल-तूप जास्त, डोकं इतकं क्लिअर कधी नव्हतं. आणि कीटो मेंदूसाठीच निघालंय, १९२१ पासून, मेयो क्लिनिकमध्ये फिट्सच्या पेशंटसाठी.

निवृत्त मास्तर:
रानमेवा, तुझी तिन्ही विधानं बरोबर आहेत, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा तपासू. २००५ च्या त्या लेखाचं शीर्षकच प्रश्न आहे, हा टाइप ३ डायबेटीस आहे का, असा, शेवटी प्रश्नचिन्हासकट. फॉरवर्ड होता होता ते प्रश्नचिन्ह गळून पडलं आणि पिठलंभाकरीताईंच्या पत्रकात पोचेपर्यंत त्याचं उद्गारचिन्ह झालं. मधुमेहाच्या अधिकृत वर्गीकरणात अल्झायमर टाइप ३ म्हणून नाही.

आता जे मजबूत आहे ते सांगतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त, हे वेगवेगळ्या देशांत परत परत दिसलंय, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन येणाऱ्या प्रकारात जास्तच ठळक. सिएटलमधल्या २,०६७ वृद्धांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात मधुमेह नसलेल्यांमध्ये सुद्धा सरासरी ग्लुकोज ११५ असलेल्यांना १०० वाल्यांपेक्षा धोका सुमारे १८ टक्के जास्त दिसला. हा आकडा लोक फार फिरवतात. पण मोजलं काय, तर रक्तातली शुगर, लॅबवाली ताई म्हणतायत तेच. ताटात काय होतं ते नाही मोजलं. आणि हा निरीक्षणाचा अभ्यास, एकामुळे दुसरं झालं असं त्यातून सिद्ध होत नाही.

उलट प्रश्न असा की मेंदूला इन्सुलिन कमी पडत असेल तर ते देऊन बघितलं का? बघितलं की. नाकातून इन्सुलिनचा फवारा देण्याची मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. मग शुगर आणि वजन दोन्ही उतरवणारं सेमाग्लुटाइड अल्झायमरच्या सुरुवातीच्या पेशंटना देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की आजाराची गती कमी झाली नाही. याने कल्पना मेली असं मी म्हणणार नाही, आजार मेंदूत पंधरा-वीस वर्षं आधीपासून सुरू असतो, तोवर फार उशीर झालेला असेल. पण ‘अल्झायमर म्हणजे मधुमेहच’ असं असतं तर मधुमेहाच्या औषधांनी काहीतरी हालचाल दाखवायला हवी होती ना.

फिट्सचं म्हणशील तर ते पक्कं आहे, औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या आकडीत कीटो आहार खरंच चालतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ग्रॅममध्ये मोजून. आणि एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे ज्यात रक्तातलं ग्लुकोज मेंदूत नेणारं प्रथिन, ग्लुट-१, नीट काम करत नाही, तिथे तर कीटो हाच मुख्य उपाय, कारण ग्लुकोज आत पुरेसं जात नाही पण चरबीपासून बनणारे कीटोन जातात. पण आकडीवर चाललं म्हणून विस्मरणावर चालेल हे तर्काने ठरत नाही, ते चाचणीने ठरतं.

रानमेवा:
मास्तर, मग काय बिनधास्त जिलेबी खायची?

निवृत्त मास्तर:
कोण म्हणालं? दातांसाठी, वजनासाठी, शुगरसाठी कमीच खा, जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते आणि जमलं तर ५. माझं म्हणणं एवढंच की जिलेबी आणि अल्झायमर यांच्यात ‘म्हणजे’ हा शब्द घालू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या पण बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी दिल्या, त्यात मधुमेह आहे, ब्लडप्रेशर आहे, लठ्ठपणा, सिगरेट, व्यायाम नसणं, कमी ऐकू येणं सुद्धा आहे. ‘साखर खाणं’ अशी वेगळी ओळ नाही. कानाच्या मशीनचा एक परिच्छेद पत्रकात घाला ताई, संघात ते जास्त जणांच्या उपयोगाचं.

आंबोलीचा पाऊस:
टाइप ३ वरून आमच्या घरात महाभारत झालं होतं ते सांगतो. काकांना स्वादुपिंडाला वारंवार सूज यायची, नंतर शुगर निघाली, फाइलवर डॉक्टरांनी लिहिलं टाइप ३सी. चुलतभावाने फोनवर शोधलं, त्याला सी दिसलाच नाही, टाइप ३ म्हणजे अल्झायमर असं वाचलं आणि दोन दिवस सगळं घर काकांना ‘आज वार कोणता’ विचारत होतं. काका वैतागून म्हणाले वार शनिवार आहे आणि तुम्ही मूर्ख आहात. ३सी म्हणजे स्वादुपिंडच खराब झाल्यामुळे आलेला मधुमेह, मेंदूशी संबंध नाही. तेव्हा टाइप ३ हा शब्द पत्रकात नकोच, आधीच तो आकडा दुसऱ्याच्या नावावर आहे.

शब्दवेडा:
काकांना नमस्कार.

आता कार्ब्ज. कर्बोदक हा शब्द आहे चांगला, कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी, कार्बोहायड्रेटचं शब्दशः मराठी, पण शाळेबाहेर कुणाच्या तोंडी नाही. पिष्टमय पदार्थ कळतो कारण पिष्ट म्हणजे पीठ, मात्र अडचण अशी की त्यात साखर, गूळ, मध बसत नाहीत, ते पिष्ट नाहीत. कर्बोदकांत दोन्ही येतात आणि शिवाय चोथा पण येतो. म्हणजे ‘कर्बोदकं बंद करा’ म्हटलं तर कागदावर मटकीची उसळ आणि पालेभाजीही बंद होते. गंमत म्हणून सांगतो, शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ खडे, रेती. त्यावरून साखर, त्याच घराण्यातून अरबी सुक्कर आणि पुढे इंग्रजी शुगर. म्हणजे शब्द आपल्याकडूनच गेला आणि रक्तात शिरून परत आला.

पिठलंभाकरी:
कीटो नको, कर्बोदकं नको, मग लिहू काय? आमच्याकडच्या बहुतेकांचं ‘आम्ही गोड बंद केलंय’ असतं आणि सकाळी पोहे, दुपारी भात, चारला चहा-खारी, चतुर्थीला साबुदाणा. चहात साखरेऐवजी गूळ.

लॅबवाली:
हेच तर. गूळ पण बहुतांशी तीच साखर, रंग वेगळा. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ‘गोड’ हा जिभेचा शब्द आहे, शुगरचं मशीन जीभ लावून बघत नाही. आयसीएमआरच्या इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीत भारतीयांच्या कॅलरीतल्या साधारण ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं निघालं, आणि त्यातली गोष्ट मला आवडली ती अशी की तांदूळ-मैद्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं पण एकूण तेवढंच खाल्लं तर मधुमेहाच्या धोक्यात फरक दिसला नाही. नाचणीची बिस्किटं आणून समाधान मानणाऱ्यांना हे वाचून दाखवा. म्हणून सरळ पदार्थांची नावं लिहा, भात, पोळी, पोहे, पाव, साबुदाणा निम्म्यावर आणा आणि ताटात डाळ, उसळ, भाजी, अंडं वाढवा. कर्बोदकं शब्द एकदा कुठेतरी येऊ दे मास्तरांसाठी.

निवृत्त मास्तर:
आभारी आहे. इन्सुलिन रेझिस्टन्सला ‘इन्सुलिन-प्रतिरोध’ पुस्तकात आहे पण ते ऐकून प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आठवतात. मी वर्गात ‘पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत’ म्हणायचो, मागच्या बाकापर्यंत कळायचं. कॉग्निटिव्ह डिक्लाइनला ‘आकलन आणि आठवण मंदावणं’. आणि ‘मेंदूला साखर लागते’ असं लिहून कुणी गोडाची बाजू घेतली तर तेही कापा. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जा खातो २० टक्के, दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज, पण ते भाकरीतून, डाळीतून, वेळ पडली तर लिव्हरकडून मिळतं. परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवतात ती शकुनाची.

पिठलंभाकरी:
मग पहिलं पान असं करते: ‘शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसतो. साखर खाल्ल्यानेच अल्झायमर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की शुगर वाढते, त्यासाठी रोज चाला, वजन बघा, भात-पोळी-पोहे बेताने, गोड क्वचित.’

रानमेवा:
क्वचित म्हणजे किती?

शब्दवेडा:
क्वचित म्हणजे तुला विचारावंसं वाटतंय त्याहून कमी.

लॅबवाली:
ताई, छापायला देण्याआधी एक चौकट घालाच, पहिल्या पानावर, आतल्या नको. जे गोळी किंवा इन्सुलिनवर आहेत त्यांनी असलं काही वाचून भात-पोळी एकदम बंद केली तर शुगर लो होते, घाम, थरथर, बरळणं, कधी बेशुद्धी. जोराची लो वारंवार झालेल्या वृद्धांमध्येही स्मृतिभ्रंश जास्त दिसलाय, म्हणजे वाचवायला गेलो मेंदू आणि धोका त्यालाच. ‘डॉक्टरांना विचारून गोळीचा डोस बदलल्याशिवाय जेवण कमी करू नका’ एवढं ठळक.

पिठलंभाकरी:
घेते. शुगर लो होणं याला मराठी?

शब्दवेडा:
‘शुगर लो होणं’.