अवघड गेममध्ये सोपा मोड असावा का? (निमित्त : ब्लास्फेमस)

गिरणगावकर :
स्पेनमधल्या सेव्हिलच्या ‘द गेम किचन’ या कंपनीचा ‘ब्लास्फेमस’ (२०१९) सध्या खेळतोय. चित्रं, संगीत, बॉस म्हणजे बडे शत्रू, सगळं अव्वल. तक्रार एकच. काट्यांवर पडलात की खेळ खलास, आरोग्याची पट्टी पूर्ण भरलेली असली तरी. मग मागच्या प्रार्थनास्थळापासून, म्हणजे खेळ जिथे सेव्ह होतो तिथून, पुन्हा सुरुवात, आणि वाटेतले सगळे शत्रू परत जिवंत. जेवण, भांडी, मुलीचा अभ्यास उरकून रात्री साडेदहाला कंट्रोलर हातात येतो आणि सकाळची लोकल तर चुकवता येत नाही. बॉसने दहादा मारलं तरी चालेल, पण तेच जिने पुन्हा पुन्हा चढायला लावणं म्हणजे नोकरदार माणसाचा वेळ खाणं आहे. ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) याहून कठीण, पण मेलात की क्षणात परत उभे. प्रौढांसाठी गेम काढता, तर सोपा मोडही द्या.

वसईकर :
साफ असहमत. या गेमचा विषयच प्रायश्चित्त आहे. नायकाच्या डोक्यावरचं ते उंच टोकदार शिरस्त्राण सेव्हिलच्या पवित्र आठवड्यातल्या मिरवणुकांमधून आलंय. आमच्याकडे गुड फ्रायडेला क्रुसाची वाट करतात. चौदा स्थानं, प्रत्येक ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे. मधली चार गाळून लवकर घरी जाऊ असं कुणी म्हणत नाही. गेममध्येही मेलात की ‘गिल्ट’चा, म्हणजे अपराधभावाचा, तुकडा तिथेच पडतो आणि तो उचलेपर्यंत फर्व्हरची, म्हणजे खास शक्तीची, पट्टी आखूड राहते. पण कमावलेले अश्रू, म्हणजे तिथलं चलन, गेम काढून घेत नाही. मला तर तो न्यायी वाटतो.

सायली_शिवडी :
क्रुसाची वाट म्हाताऱ्या माणसाला बसून करू देतातच ना? माझं उजवं मनगट कायमचं दुखावलंय. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढण्याचा गेम मी असिस्ट मोडमध्ये, म्हणजे मदतीच्या मोडमध्ये, वेग ७० टक्क्यांवर आणून पूर्ण केला. तिथे वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, दमही अमर्याद करता येतो. ही सोय बनवणाऱ्यांनीच दिली आहे आणि तिच्यामुळे कुणाचाही खेळ बिघडला नाही. शेवटची चढण चढताना मला रडू आलं, ते काही ७० टक्के नव्हतं.

वसईकर :
तुमच्या मनगटाबद्दल दुमत नाही. पण मेनूमध्ये सोपा मोड दिसला की थकलेला माणूस रात्री तो दाबणारच. मी तर नक्की दाबेन. तो नाही म्हणूनच मी पॅरी, म्हणजे वार अडवणं, शिकलो.

सायली_शिवडी :
तुमच्या संयमाची किंमत माझ्या मनगटाने का मोजायची?

ग्रँटरोड_दुरुस्ती :
मी लॅमिंग्टन रोडला कंट्रोलर दुरुस्त करतो. ‘गेम फार कठीण आहे’ म्हणत येणाऱ्यांना मी आधी विचारतो, टीव्हीवर गेम मोड चालू आहे का? तो बंद असेल तर चित्र उशिरा उमटतं. शत्रूचा हात उठलेला दिसतो तोवर वार बसलेला असतो. ब्लास्फेमसची पॅरी वेळेवरच चालते : वार अंगावर येण्याच्या किंचित आधी तलवार आडवी धरायची, खणकन आवाज आला की लगेच उलटवार. आवाज नीट ऐकू यावा म्हणून वायरचा हेडफोन लावा, ब्लूटूथवर तोही उशिराच येतो. एवढं करून बघा, मग सोप्या मोडचं बोलू.

ठाण्याची_आई :
सोपा मोड आला तरी ‘पिक्सेलचा गेम आहे’ म्हणून मुलांच्या हाती देऊ नका. अमेरिकेत त्याला १७ वर्षांवरचं रेटिंग आहे. रक्तपात, नग्नता, सगळं आहे त्यात.

गिरणगावकर :
गेम मोड चालू केला, पॅरी खरंच सुधारली. पण माझा मुद्दा पॅरीचा नव्हताच, अंतराचा होता. ‘सिल्कसाँग’ हा असाच अवघड गेम सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि ओरड झाल्यावर तो बनवणाऱ्या टीम चेरीने काही दिवसांतच सुरुवातीचे दोन बॉस सोपे केले. त्याने गेमची शान गेली का?

वसईकर :
शान गेली नाही, पण मोडही दिला नाही. सर्वांसाठी एकच गेम ठेवून त्यातच दुरुस्ती केली. काट्यांच्या पट्ट्याआधी एक जादा प्रार्थनास्थळ मागा, त्या मागणीवर मी सही करतो. वेग निम्मा करायला मात्र माझा विरोधच.

सायली_शिवडी :
म्हणजे तुमचे जिने कमी झाले की पुरे. माझी मागणी तिथेच आहे.