मदत हवी आहे: सागवानी कपाटाच्या पल्ल्यांना किती फट सोडायची?

गंगापूररोड:
नाशिकमधलंच घर. भिंतीतल्या कपाटाची चौकट आतून 900 मिमी रुंद, 1200 उंच. चौकटीच्या आत बसणारे दोन सागवानी पल्ले करायचेत, साध्या बिजागऱ्यांवर. काम वैशाखातच उरकायचंय. मिस्त्री म्हणतात, फळ्या जोडून सपाट पल्ले करू, 2 मिमी फट पुरे, पावसाळ्यात अडलं तर रंधा मारू. चालेल का? नसेल तर नेमके आकडे हवेत.

पंचवटीकर:
सपाट पल्ला नको. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. घरातल्या सागाचा ओलावा उन्हाळ्यात 8 टक्के आणि आषाढ-श्रावणात 13 धरून चला. सपाट चिरलेला साग (ओंडक्याचे सरळ एकापाठोपाठ काप काढून केलेल्या फळ्या) ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीच्या साधारण 0.19 टक्के फुगतो. म्हणजे 450 चा पल्ला 4 मिमीहून जास्त वाढेल, दोन्ही मिळून साडेआठ. तुमच्या तिन्ही उभ्या फटी (दोन कडेच्या, एक मधली) मिळून 6. अडणारच! पावसात रंधून मोकळा केलात, तर पुढच्या उन्हाळ्यात तेवढंच लाकूड आटून मधे ढळढळीत फट दिसेल.

त्यापेक्षा प्रत्येक पल्ल्याला 65 मिमीच्या पट्ट्यांची चौकट आणि आत सुटं पॅनेल (खाचेत नुसती बसवलेली, न चिकटवलेली फळी) करा. मग फुगणारी रुंदी फक्त चार उभ्या पट्ट्यांची, 260 मिमी. वाढ अडीच मिमी.

गंगापूररोड:
म्हणजे तिन्ही फटी 2-2 मिमी ठेवल्या की झालं?

कॉलेजरोड:
सारखी वाटणी नको. पल्ल्याची एक कड बिजागरीने जखडलेली असते, त्यामुळे सगळी वाढ मधे सरकते. बिजागरीकडे 1-1 मिमी, मधे साडेतीन. वर-खाली दीड पुरे, उंची वाढत नाही. मधली फट झाकायला एकाच पल्ल्याला पट्टी लावा.

खरी गडबड पॅनेलमध्ये होते. पट्ट्यांमधली पॅनेलची खाच 12 मिमी खोल घ्या, पॅनेल दोन्हीकडे 10 मिमीच आत जाऊ द्या. 340 चं पॅनेल 3 मिमीच्या वर वाढतं, जागा 4 मिळते. खाचेत फेविकॉल लावायचा नाही, फक्त वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्यावर एकेक थेंब, म्हणजे पॅनेल एका बाजूला सरकत नाही. सांध्यातला फेविकॉल ओघळून खाचेच्या कोपऱ्यात गेला की पॅनेल तिथे चिकटतं आणि आटताना उभं तडकतं. म्हणून पॅनेलच्या कोपऱ्यांना आधी मेण चोळा.

पॅनेलला जोडण्याआधीच दोन्ही बाजूंनी पॉलिश करा. नंतर केलंत तर उन्हाळ्यात कडेला कोरी रेघ उघडी पडते. एकाच बाजूला केलंत तर फळी वाकते. पॉलिशने ओलावा शिरायला वेळ लागतो, थांबत मात्र नाही.

पंचवटीकर:
मधल्या फटीचं बरोबर, माझ्याकडून राहिलं होतं. हे सगळे आकडे लाकूड 8-9 टक्क्यांवर असेल तरच खरे. कापण्याआधी ओलावा मोजायचं मीटर लावून बघा, फळीच्या टोकाला नको, मधे.

गंगापूररोड:
आत्ताच लावला. 12 दाखवतोय.

पंचवटीकर:
मग आत्ता कापू नका. आज माप घेतलंत तर पट्ट्या आणि पॅनेल दोन्ही नंतर आटतील. फळ्या त्याच खोलीत, मधे लाकडी चिपा घालून, भिंतीपासून सुट्या रचा. गच्चीवर उन्हात टाकू नका, टोकं चिरतात. दर आठवड्याला मोजा, सलग दोनदा 9 च्या आत आकडा आला की कामाला लागा.