रोज गोळी घेऊनही टीएसएच ९.८, डोस वाढवायचा का?

प्रश्न: आई ५८ वर्षांची, वजन ६२ किलो. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, शुगरसाठी मेटफॉर्मिन. गोळी एकही दिवस चुकत नाही, तरी टीएसएच (थायरॉइड हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) ४.१ वरून ९.८ वर गेलाय. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ७.८ आलंय, पण घरी उपाशीपोटी शुगर ११०-१२० च असते. डोस कमी पडतोय का?

उत्तर १: आधी सांगा, गोळीनंतर चहा किती वेळाने? आणि मधल्या काळात कुठली नवी गोळी सुरू झाली?

प्रश्नकर्ता: गोळी सहाला, चहा लगेच. हिमोग्लोबिन कमी आल्याने चार महिन्यांपासून लोह आणि कॅल्शियम, दोन्ही आठच्या नाश्त्यानंतर.

उत्तर १: मग बहुधा तिथेच घोळ आहे. लोह आणि कॅल्शियम पोटात लेव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतात, औषध रक्तात पुरतं उतरतच नाही. चार तासांचं अंतर हवंच. सहाला गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा सातला. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, लोह संध्याकाळी; ही दोन्हीही एकत्र नकोत. हे डॉक्टरांना दाखवा आणि डोस तोच ठेवून चालेल का, विचारा. आत्ता डोस वाढवला आणि पुढे वेळा सुधारल्या, तर तोच डोस जास्त होतो: छातीत धडधड, आणि या वयात हाडांची झीज. टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनीच करा. पंधरा दिवसांत केलेल्या टेस्टवरून काही ठरवता येत नाही.

उत्तर २: एचबीए१सी ७.८ म्हणजे सरासरी शुगर साधारण १७७. उपाशीपोटीच्या आकड्याशी ते जुळत नाही. एक तर जेवणानंतर शुगर चढतेय. आठवडाभर पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासून लिहून ठेवा. नाहीतर लोहाची कमतरता आकडा फुगवतेय. त्यामुळे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ सुद्धा. शुगरची गोळी वाढवायचा निर्णय एकट्या एचबीए१सीवर नको.

उत्तर ३: केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. काही लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटा कमी दिसतो. टेस्टआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात. रक्त देण्याच्या दिवशी थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी, नाहीतर फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइड हार्मोन) तेवढ्यापुरतं वर दिसतं.