मदत हवी आहे: पुरवठादारांना दिलेली रोकड, ३,४१,१०० चा फरक

हार्डवेअर दुकानाचं २०२४-२५ चं रोख प्रवाह पत्रक प्रत्यक्ष पद्धतीने (आलेली आणि दिलेली रोकड थेट दाखवून) करतेय. पुरवठादारांना दिलेल्या रकमेवर अडलेय.

विकलेल्या मालाची किंमत १८,४०,०००. सुरुवातीचा साठा ३,१०,०००, अखेरचा ३,६५,०००. म्हणजे खरेदी १८,९५,०००. धनको (पुरवठादारांचं देणं) सुरुवातीला २,२०,०००, अखेरीस २,६२,०००. यावरून दिलेली रक्कम १८,५३,००० येते. टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) धनकोंच्या खात्यांवर मात्र २२,२२,१०० दिल्याची नोंद आहे.

खातं उघडून पाहिलं तर अखेरच्या धनकोंत कटिंग मशीनचे ४०,००० (जीएसटीसह) निघाले, अजून द्यायचे आहेत. ते वगळले. मिळालेली १२,००० ची रोख सूट वजा केली. आकडा १८,८१,००० झाला. उरलेला फरक ३,४१,१००, म्हणजे बरोबर खरेदीच्या १८ टक्के! धनकोंची बाकी जीएसटीसह, खरेदी आणि साठा जीएसटीशिवाय, घोळ तिथेच आहे.

सगळी खरेदी उधारीवर, १८ टक्के जीएसटीचीच. हुंड्या नाहीत, आगाऊ रक्कम नाही, खरेदी परत नाही. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) पूर्ण मिळालंय. अप्रत्यक्ष पद्धत सुचवू नका, बँकेने प्रत्यक्षच मागितलीय.

आता पत्रकात पुरवठादारांपुढे जीएसटीसह २२,२२,१०० लिहायचे, की १८,८१,००० लिहून जीएसटीची वेगळी ओळ दाखवायची? वेगळी दाखवली तर ग्राहकांकडून आलेली रक्कमही जीएसटी काढूनच दाखवावी लागेल ना?